प्रश्नचिन्हाच्या पुढे

समिधा लग्न होऊन मुर्धा गावात आली तेव्हा तिला वाकटी कुठली नि बोंबील कुठला हेही कळत नव्हतं. सासूनं, मंजुळानं, तिला नावं ठेवली नाहीत. शेजारी बसवून एकेक मासा हातात दिला. पुढे मंजुळाच्या सुक्या मासळीसाठी समिधानं हौसेनं वेबसाइट बनवली. नोकरीतही ती हेच करायची: लोक मोबाइलवर बोट टेकवतात, त्यामागे सर्व्हरनं काय करायचं ते लिहायची.

साइट साधी होती. गिऱ्हाइकानं माल आणि भाग निवडला की साइटच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह यायचं आणि त्यापुढे त्याची निवड: माल बोंबील, भाग काशीगाव. ते वाचून सर्व्हर दर नि पोचवायचा दिवस दाखवायचा. पण मग कुणाची तरी यंत्रं त्या प्रश्नचिन्हापुढे वाट्टेल तो कचरा जोडून पाठवायला लागली. साइट धापा टाकू लागली. शनिवारी समिधानं नियम घातला: माल आणि भाग सोडून तिसरं काही दिसलं, की परत पाठव. साइट पळू लागली आणि समिधा खूश झाली.

रविवारी सकाळी मंजुळाच्या भाचीनं, जेसल पार्कला राहणाऱ्या संचितानं, आत्याचा बोंबील सुकवायच्या वलांडीपुढचा फोटो आणि साइटची लिंक सोशल मीडियावर टाकली. फोटोवर लाइकच्या बदामांचा पाऊस पडला. ऑर्डर मात्र एकही नाही.

"आली काय गो?" मंजुळा सारखी विचारत होती. दुपारी तिनं विचारायचं सोडलं. वलांडीवरचे बोंबील उलटताना हळूच म्हणाली, "लोकांना आता पाकिटातला लागतो. माजा कोन घेनार?"

समिधानं स्वतः साइट उघडून बघितली, नीट चालत होती. तेवढ्यात संचिताचा फोन आला. "वहिनी, आमच्या बिल्डिंगमधली आंटी बोलतेय, सकाळी दोनदा बघितलं, लिंक खुलत नाय. 'विनंती मान्य नाही' असं काहीतरी येतंय."

"तिच्या मोबाइलवर वर जो पत्ता दिसतोय ना, तो पाठव मला. पूर्ण."

पत्ता आला. माल नव्हता, भाग नव्हता; प्रश्नचिन्हापुढे नुसतं अक्षरांचं एक लांबलचक शेपूट. माणूस कुठून आला ते कळावं म्हणून सोशल मीडियाच्या अ‍ॅपनंच ते आपलं आपण जोडलं होतं. फोटो बघून आलेल्या प्रत्येकाच्या मागे तसंच शेपूट असणार. समिधाचे कान तापले.

ती अंगणात गेली. "आई, लोक आले होते. खूप आले होते. मीच परत पाठवले."

"म्हंजे?"

"कचरा अडवायला नियम घातला, त्यात चांगली माणसंही अडकली."

मंजुळानं हातातला बोंबील खाली ठेवला. "दारात आल्याल्या मानसाला तू 'मान्य न्हाय' बोललीस?"

"हो."

"म्हंजे माज्या मालात खोट न्हाय?"

"अजिबात नाही, आई."

मंजुळा मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगो, मंग तोंड पाडतेस कशाला? काढ तो नियम!"

"काढला तर कचरा परत येईल. चपला बाहेर ठेवायच्या, माणसाला आत घ्यायचं, असं करते."

समिधानं लॅपटॉप अंगणातच आणला. आता सर्व्हर माल आणि भाग एवढंच उचलणार होता, बाकीच्या शेपटाकडे बघणारही नव्हता. त्या दोन जागी काही नसलं किंवा भलतंच काही आलं, तर पुढे न जाता नुसती मालाची यादी दाखवणार होता. तिनं स्वतः साधा पत्ता टाकून बघितला, मग शेपटाचा, मग मुद्दाम कचऱ्याचा. तिन्ही वेळा हवं तेच झालं.

"पन गेल्याली मानसं?" मंजुळानं विचारलं.

"त्यांना तुम्ही बोलवा." समिधानं मोबाइल तिच्यापुढे धरला.

मंजुळानं पदर सारखा केला. "मी मुर्ध्याची मंजुळा. सकाली माज्या दारातून कोन परत गेला असंल तर त्यानं राग धरू नये. सून माजी हुशार हाय, जरा जास्तच कडक हाय. आता या."

संचितानं तो व्हिडिओ लगेच टाकला. चहा उकळतोय तोवर काशीगावची पहिली ऑर्डर आली, मग जेसल पार्कच्या आंटीची. संध्याकाळी समिधानं स्कूटर काढली, तर मंजुळा पिशवी मांडीवर घेऊन मागे बसलेली.

"आई, तुम्ही कशाला? मी देऊन येते."

"त्या आंटीनं सकाली दोनदा दार वाजवला ना? मला बघायची हाय ती."

आंटीच्या घरी दोघींना जेवल्याशिवाय सोडलं नाही.