नळाचं पाणी

पहिल्यांदा गाडी तापली ती विठ्ठलवाडीजवळ, नोव्हेंबर १९९२च्या पहिल्या सोमवारी. मागे बर्फाच्या बारा लाद्या होत्या. नामाने बॉनेट उघडलं, इंजिन निवेपर्यंत थांबून फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं, तर आत पाणीच दिसेना. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

नामा बाळकुमचा. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा त्याने होडी विकून ही जुनी डिझेल पिकअप घेतली होती. कारखान्यातून बर्फ उचलायचा आणि डोंबिवली-कल्याणच्या मासळी बाजारांत पोचवायचा, हे त्याचं काम. होडी घेणाऱ्याने ती फोडून लाकूड विकलं होतं. गाडी गेली तर नामाला परत जायला काही उरलेलं नव्हतं.

गाडी तापली तिथेच, रस्त्यापलीकडे पोपटचं गॅरेज होतं. पोपट कमी बोलणारा, पण एकेक गोष्ट तपासून बाजूला ठेवणारा मिस्त्री. त्याने आधी दोन प्रश्न विचारले. पाणी कुठलं घालतोस? नळाचं, नामा म्हणाला. याआधी कमी व्हायचं? कधीच नाही, रोज सकाळी काठोकाठ असायचं. हे गेल्या दहा दिवसांतलं आहे. दोन्ही उत्तरं नामाने खरी समजूनच दिली होती. त्यामुळे पोपट अचानक बिघडणाऱ्या वस्तू शोधू लागला.

त्याने झाकण बदललं, रबरी पाइप बदलले. गाडीखाली वर्तमानपत्रं पसरून ती दोन तास चालू ठेवली. कागदावर एक थेंब पडला नाही. ऑइलमध्ये पाणी उतरलं नव्हतं. वॉटर पंप कोरडा होता. तरी रोज दोन लिटर पाणी कमी होत होतं. चौथ्या दिवशी झाकण काढून इंजिन चालू केलं, तेव्हा रेडिएटरमध्ये बारीक बुडबुडे येताना दिसले. हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं असणार, पोपट म्हणाला. हेड उतरवून घासून आणलं, नवं पॅकिंग बसवलं. नामाने त्या दिवशी गॅरेजमधल्या सगळ्यांना चहा पाजला.

पाच दिवसांनी गाडी पुन्हा तापली, ह्या वेळी शीळफाट्याला. बर्फ रस्त्यावर वितळला. कारखान्याच्या मुकादमाने सांगितलं की फेरी आठ दिवस दुसऱ्याला देतो, नंतर कायमची.

पोपटने हेड परत उतरवलं. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिला स्लीव्ह म्हणतात. तिच्या बाहेरून पाणी फिरतं. त्याने त्या जागेत पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नामाला बोलावलं. मालूही आली होती. ती नामाची बायको, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला तीन आठवडे अर्नाळ्याला जाऊन आदल्याच दिवशी परतलेली. नवऱ्याचा डबा घेऊन ती दारातच उभी राहिली.

तिसऱ्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर एक ओली रेघ होती. पोपटने स्लीव्ह ओढून बाहेर काढली. बाहेरच्या बाजूला टाचणीने टोचावीत तशी भोकं होती. ती जिथे बसते त्या कडेला पांढरट खपली धरलेली. पोपटने नखाने ती खरवडली आणि जिभेला लावली.

"मीठ आहे," तो म्हणाला. "नामा, हे नळाचं पाणी नाही."

नामा शपथेवर सांगू लागला की त्याने स्वतः हंड्यातलं पाणी घातलं आहे, हे तीन आठवडे रोज.

"आन त्याच्या आधी?" मालूने विचारलं. मग तिनेच सांगितलं. "आधी मी घालायची. खाडीचा."

पोपटने हातातली स्लीव्ह खाली ठेवली.

गाडी आली त्या महिन्यात नामा तापाने पडला होता. इंजिनाचं पाणी कमी पडू देऊ नको, एवढं त्याने तिला सांगितलं. बरा झाल्यावरही थांब असं कधी सांगितलं नाही. नळाला पाणी तासभर, तेही पिण्यापुरतं. आणि होडीचं इंजिन तर बारा वर्षं खाडीचंच पाणी ओढत होतं. रोज पहाटे ती पत्र्याचा डबा भरून आणायची. आधी वाटीभर लागायचं, मग तांब्याभर, अलीकडे अर्धा डबा.

"होडीला चालायचा ना?" ती नामाकडे बघत म्हणाली.

पोपटने समजावलं. होडीत पाणी एकीकडून येतं, दुसरीकडून जातं, आणि ती इंजिनं त्यासाठीच बनवलेली असतात. इथे तेच पाणी उकळत राहतं, मीठ आतच साचतं.

"स्लीव्ह नवी टाकता येईल," नामा म्हणाला.

"बसवू कशावर? मिठाने खालची जागाच खाल्ली आहे. चारही सिलिंडरांची." पोपटने टॉर्च त्याच्या हातात दिला. नामाने वाकून बराच वेळ आत पाहिलं. जेवणाचा डबा तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी एका टेम्पोला दोर बांधून गाडी बाळकुमला आणली. नामा स्टिअरिंगवर होता, मालू शेजारी.

पहाटे नामा जागाच होता. मालू उठली. कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उचलल्याचा, कडी खणकल्याचा आवाज आला. दोन वर्षं रोज ह्या वेळी तो हा आवाज ऐकायचा आणि कूस बदलायचा. आज डबा दारापर्यंत गेला, तिथे थांबला, आणि आवाज न होऊ देता खाली ठेवला गेला. ती बराच वेळ आत आली नाही. नामाने आज कूस बदलली नाही.