खिडकीतली सोनेरी

शुक्रवारी संग्रहालयातली माझी खोली रिकामी करून द्यायची होती. निवृत्तीनंतरही मला तिथे बसू देत होते, कारण पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या जाती ओळखणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आता तिथे बैठकीच्या खुर्च्या येणार होत्या.

माझं एकच काम अडलं होतं. खणात टाचणीने टोचलेला एक मळकट तपकिरी कासवभुंगेरा होता, करंगळीच्या नखाएवढा. माझ्या मते ती जात अजून कुणी नोंदलेली नव्हती. पण ती मादी होती. या भुंगेऱ्यांच्या जवळच्या जाती वरून सारख्याच दिसतात. खात्रीचा फरक नराच्या पोटातल्या एका बारीक अवयवात सापडतो.

"सर, नराशिवाय तुमचा लेख कुणी छापणार नाही," आमच्या संचालकबाई म्हणाल्या होत्या. त्यांचं बरोबर होतं. बहुतेक वेळा समोरच्याचंच बरोबर असतं, असा माझा अनुभव आहे.

घरी बायकोने मोड आलेलं रताळं स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडीत लावलं होतं. त्या वेलावर भुंगेऱ्याच्या एका सोनेरी मादीने मुक्काम ठोकला होता. पिल्लं अंगाखाली घेऊन बसायची.

"अहो, बघा तरी कशी चकाकतेय! आणि पोरं मेली स्वतःची घाण पाठीवर घेऊन हिंडतात."

"शत्रूने तोंड लावू नये म्हणून," मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो.

"तुमची ती हीच नाही ना?"

"छे. माझी तपकिरी आहे."

"जन्मभर भुंगेऱ्यांना नावं ठेवलीत, पण जिवंत एकाकडे धड पाहिलं नाहीत."

पिल्लांचे कोश झाले, कोशांतून फिकट भुंगेरे निघाले आणि हळूहळू सोनेरी होऊ लागले. बुधवारी सकाळी त्यांची आई कुंडीतल्या मातीवर मरून पडली. संध्याकाळी चहा घेताना सहज नजर गेली, तर ती मळकट तपकिरी झालेली. मी भिंग आणलं. खांद्याजवळचे दोन खळगे, कवचाच्या कडेची खाच, सगळं माझ्या खणातल्या मादीसारखंच. यांचं सोनं मेल्यावर उडून जातं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कितीकांना मीच शिकवलं होतं. फक्त कधी पाहिलं नव्हतं.

"हीच," मी म्हणालो.

"मग तोंड पाडून काय बसलात? पोरं आहेत की पानावर. त्यात नर असेलच."

"असेल."

"कुठला?"

"वरून कळत नाही. पोट उघडावं लागतं."

"म्हणजे आधी मारायचं, मग बघायचं?"

"हो."

"आणि मादी निघाली तर?"

"मग दुसरा."

ती कपबशा घेऊन मोरीकडे वळली. नळ सोडला, बंद केला. "घ्या," ती पाठमोरीच म्हणाली. "खोली गेली, निदान हे तरी होऊ दे. पण मी इथे थांबणार नाही."

ती बाहेर गेल्यावर मी किडे मारायच्या औषधाची बाटली उघडली आणि एका भुंगेऱ्याला चिमटीत धरलं. त्याने कवच पानावर दाबून धरलं, पाय रोवले. मी ओढलं. पान ताणलं, देठ वाकला, तो सुटेना. जोर लावला असता तर सुटला असता. हात दुखायला लागला, म्हणून मी सोडून दिलं. याला दया म्हणावं असं मला वाटत नाही. थोडा वेळ खुर्चीत बसलो, मग बाटलीचं झाकण लावलं.

शुक्रवारी खोलीची किल्ली देताना बाईंनी विचारलं, "नर मिळाला?"

"नाही."

मेलेली आई मी खणात जुन्या मादीशेजारी टोचली होती. बाईंनी वाकून तिच्याखालची चिठ्ठी वाचली: 'जात अनिश्चित. रताळ्याचा वेल, स्वयंपाकघराची खिडकी. जिवंतपणी सोनेरी.'

"सर, पुढे कुणाला नर मिळाला तर..."

"तर त्याला हे उपयोगी पडेल," मी म्हणालो आणि खण आत ढकलला.