अकरा नामांची वीज

तिसगावच्या बाजारतळावर त्या गुरुवारी लाईट गेली होती, आणि वीजबाबांना नेमकं तेच हवं होतं.

"बघा रे बघा! तार न्हाई, खांब न्हाई!" हातातला शिसवी दंड उंचावत बाबा गरजले. "ही वीज थेट कैलासाची. बिल येत न्हाई!"

मंडपात हशा पिकला. हनुमंततात्या पुढं झाले. ओंजळीत तीर्थ घेतलं, ओल्याच हातांनी दंडावरची तांब्याची दोन कडी धरली. बाबांनी दंडाचा बुडखा दाबला. तात्या "आयायायी!" करत मागं उडाले आणि रडतच पाया पडले.

"शक्ती भरू द्या पुन्यांदा. अकरा नामं, मोठ्यानं!" घंटा घणघणू लागल्या.

पुढचा नंबर मोनिकाचा. कडेवर चार वर्षांची सृष्टी. पोरीला फिट यायच्या. नगरच्या डॉक्टरांच्या औषधानं आठ महिने एकही आली नव्हती. पण गेल्या गुरुवारी बाबा म्हणाले, "औषध आन् शक्ती एका देहात नांदत न्हाईत," आणि मोनिकानं बाटली ज्वारीच्या कणगीमागं ठेवून दिली. काल पोरीला दोनदा फिट आली. "पीडा बाहेर निघती," सासूबाई चांगुणाबाई म्हणाल्या. मोनिका भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, तरी तिनं मान डोलावली.

नामं चालू असताना सृष्टीनं दंडाजवळ कान नेला. "आई, डासांची बॅट!"

"गप!" मोनिकानं तिचं तोंड दाबलं. घट्ट. पोरीचे डोळे भरून आले.

आणि तेव्हा घंटांच्या आडून मोनिकालाही तो बारीक, चिरका आवाज ऐकू आला. घरची बॅट चालू केली की येतो, अगदी तोच. चटका बसावा तसा तिनं पोरीच्या तोंडावरचा हात काढला. पोरीला सासूकडं दिलं.

"महाराज, आधी मला."

तीर्थ, कडी, बुडखा. कोपरापर्यंत सणक गेली. ती हलली नाही.

"आता लगेच परत द्या. नामं नकोत."

"येडी का काय बाई! शक्ती भरावी लागती."

"कैलासातून येते ना? मग भरायची कशाला?"

तिनं दंड ओढून घेतला, एका पंजात दोन्ही कडी पकडली आणि स्वतःच बुडखा दाबला. काही नाही. "तात्या, धरा." तात्यांनी भीत भीत धरलं, पुन्हा दाबलं. काही नाही. मोनिकानं बुडखा पिळून काढला. आतून दोन सेल, एक हिरवी पट्टी आणि अंगठ्याएवढा डबा निघाला.

"हा कपॅसिटर. सेल दुबळे असतात, पण ही पट्टी त्यांचा दाब वाढवून यात वीज साठवते. ठिबकनं हौद भरायचा आणि बूच एकदम उपटायचं, तसं! भरायला वेळ लागतो, म्हणून अकरा नामं. आवाज झाकायला घंटा. ओल्या हातांतून वीज सहज शिरते, म्हणून तीर्थ. कुणाचं काळीज कमजोर असतं, तर?"

"नास्तिक! नास्तिक!" बाबा ओरडत राहिले, पण दंड मागायला त्यांचा हात पुढं आला नाही.

चांगुणाबाईंनी हळूच विचारलं, "तुला ठावं हुतं व्हय गं हे समदं?"

मोनिकाची मान खाली गेली. "ठाऊक होतं, आत्या. पेपरात आकृती काढून मार्क घेतलेत मी. तरी औषध माझ्याच हातानं बंद केलं." मग ती लोकांकडं वळली. डोळे वर होत नव्हते, पण आवाज फुटला. "देवाला हात जोडा, कोण नाही म्हणतंय? पण डॉक्टरला विचारल्याबिगर औषध बंद करू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला की एकच मागा: लगेच, परत, माझ्यासमोर. मी गेल्या गुरुवारीच मागायला हवं होतं."

नगरच्या दवाखान्याकडं टेम्पो निघाला. सृष्टी मांडीवर मुकाट बसून होती. कितीतरी वेळानं तिनं आईच्या तळव्याकडं बघत विचारलं,

"आई, आता बोलू?"