डुकराच्या पोटाखालून गेलेला तीर

मी एक जुना तिरकमठा आहे. तिरकमठा म्हणजे बांबूचे धनुष्य, हे सांगावे लागते, कारण माझ्या जातीचे आता फारसे कोणी उरलेले नाही. सोनाळ्यातल्या एका घरात, ज्वारीच्या कणगीवर, खुंटीला मी लटकतो. वारा नसतानाही माझी दोरी गुणगुणते, असे घरातले म्हणतात. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? गुणगुणते. पण ते भूत नव्हे. ती एका सकाळची किंकाळी आहे. ती माझ्या दोरीत शिरली ती शिरलीच.

ज्या तिघांची ही गोष्ट, ते तिघेही आता नाहीत. म्हणून आज तोंड उघडतो.

सातपुड्यातल्या निहाल जमातीच्या एका म्हाताऱ्याने मला घडवले. बांबू चिरला, चुलीच्या धुरावर महिनाभर टांगला, मग शेकत शेकत वाकवला. वाखाची दोरी पिळून बांधली. तेव्हा इंग्रज जाऊन आपले राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. मला न्यायला सोनाळ्याचा जानराव आला. तो गावच्या शिवाराचा राखणदार होता. म्हाताऱ्याने मला लगेच त्याच्या हाती दिलेच नाही. त्याला चार दिवस ठेवून घेतले, शिकवले.

"मूठ आवळू नको," म्हातारा म्हणायचा. "तान्ह्या लेकराची मान धरतो ना, तसा धर. सारा दम आत कोंडू नको. अर्धा सोड, मंग थांब."

"अन् तीर सुटल्यावर?"

"सुटला म्हणून हात खाली घेऊ नको. तीर पोचेपर्यंत तू बी इथंच राह्य. लोकं तीर सोडतात अन् लगेच पाहाले धावतात. म्हणून चुकतात."

शेवटच्या दिवशी म्हाताऱ्याने दोरीच्या मधोमध, पण किंचित वर, एक काळा धागा गुंडाळला. तीर रोज त्याच जागी टेकवायचा. जागा करंगळीएवढी हलली, तर वीस पावलांवर तीर हातभर हलतो. "ही गाठ डोळ्यानं पाहू नको," तो म्हणाला. "डोळा जनावरावर पाहिजे. गाठ अंगठ्यानं वळखायची."

जानरावने ते मनावर घेतले. रोज सकाळी अंगणात उभा राहून तो मला ओढायचा. दोरी जबड्याच्या कोपऱ्याला, दररोज त्याच जागी लागायची. मग दोरी हळूच परत नेऊन ठेवायचा. तीर नाही, काही नाही. शेजारची गोजरबाई भिंतीवरून विचारायची, "काऊन रे जानराव, हवाच मारून राह्यला का?" आणि तोही गंभीरपणे सांगायचा, "हाव काकू, हवेनं लय नासाडी केली यंदा."

दोन वर्षांत त्याच्या हाताचे नाव पंचक्रोशीत झाले. धाकटा भाऊ रामराव त्याच्या जोडीला असे. रामराव ज्वारीत शिरायचा, आरोळ्या देत रानडुक्कर जानरावच्या अंगावर हाकायचा. डुकराच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला रामराव. तीर डुकरातच थांबणार याची दोघांना इतकी खात्री, की रामराव कधी बाजूला झाला नाही. मित्रांनो, कौतुकाची एक खोड असते. ते माणसाला सावध राहू देत नाही. धनुष्यालासुद्धा नाही. मीही फुगलो होतो.

त्या वर्षी रामरावची पोलिसात निवड झाली. दिवाळीनंतर बुलडाण्याला हजर व्हायचे होते. तो अंगणात बूट न घालताच कवायत करायचा आणि जानरावची बायको तानाबाई पदर तोंडाला लावून हसायची. "भाऊजी, कोंबड्याईले सलाम ठोकता का?"

दसरा आला. विळे, नांगर, कुऱ्हाडी धुऊन ओसरीत मांडल्या. मलाही मांडले. तानाबाईने मला तेल लावले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले. मग तिची नजर त्या धाग्यावर गेली.

"सणाच्या दिवशी काळं?" ती माझ्याशीच बोलली. "अन् तेही घरात भरतीचं शुभ असताना? नाही बाई." तिने दातांनी काळा धागा तोडला आणि पूजेतला लाल धागा त्याच्या जागी गुंडाळला. त्याच्या जागी म्हणजे, तिच्या अंदाजाने. खरे तर करंगळीएवढा वर. गाठ मारून तिने मला हात जोडले. "त्याईच्या हाताले यश दे, देवा."

तिच्या बोटांची ऊब मला आवडली. हे मी मुद्दाम सांगतो. तेव्हा मला काहीच वाईट वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच दोघे भाऊ शेतावर गेले. डुक्कर निघाले. रामरावची आरोळी मागून आली. जानरावचा अंगठा दोरीवरून सरकला, धागा लागला, तीर टेकला. अर्धा दम सुटला. हात दगडासारखा स्थिर. तीर सुटला आणि सुटताक्षणी मला कळले, की तो मान खाली घालून निघाला आहे. शेपटाकडून वर उचललेला तीर खालीच जातो. तो डुकराच्या पोटाखालून गेला.

ज्वारी हलली. मग ती किंकाळी आली. आणि जानराव, म्हाताऱ्याने शिकवल्याप्रमाणे, हात वर धरून तसाच उभा होता.

रामराव वाचला. पण गुडघा गेला. पाय पुन्हा वाकला नाही आणि बुलडाण्याला जाणेही राहून गेले. काठीचा टक्-टक् आवाज त्या घरात शिरला. जानराव जेवत असला आणि तो आवाज आला, की त्याचा घास तोंडाजवळ थांबायचा.

तीन आठवड्यांनी त्याने मला चुलीत घालायला काढले. मोडण्याआधी सवयीने अंगठा दोरीवर गेला. थांबला. पहिल्यांदाच त्याने डोळ्याने पाहिले. धागा लाल होता. त्याने करंगळी लावून अंतर मोजले. बाहेर तानाबाई दिराच्या गुडघ्याला तेल चोळत म्हणत होती, "देवाले यशच मांगलं व्हतं हो भाऊजी मी. देव काऊन कोपला?"

 जानरावने तो लाल धागा सोडवला, चुलीत टाकला आणि मला परत खुंटीला अडकवले. त्या दिवसापासून कोणी विचारले, की तो एवढेच सांगायचा, "हात हालला माहा."

मला वाटले, विषय संपला. पण गाव कुठे गप्प बसते? गोजरबाईच एकदा रामरावला म्हणाली, "मले काई म्हणायचं नाही बापा. पण ज्याचा हात कधी हालत नाही, त्याचा तीर नेमका तुह्याच गुडघ्यात कसा जाते? भाऊ सायेब व्हनार व्हता, खुपलं असंल कोणाले."

ते वाक्य रामरावच्या आत काट्यासारखे मोडले. तो भावाशी बोलेनासा झाला. घरात एकाच चुलीवर दोघांची भाकरी भाजायची आणि दोघे दोन कोपऱ्यांत बसून खायचे.

अशा एका दुपारी रामरावने काठीने मला खुंटीवरून काढले आणि अंगणात जानरावपुढे धरले. समोर गोवऱ्यांच्या ढिगावर एक मडके ठेवलेले होते.

"मार, दादा."

"कायले?"

"तू म्हणतं तुहा हात हालला. हालते असंल, तर आता बी हालंल. सारा गाव म्हणते तुहा हात हालतच नाही. मले एकडाव पाहू दे."

तानाबाई दारात आली. हाताला पीठ तसेच होते. गोजरबाई भिंतीवर होतीच.

जानरावने मला घेतले. किती महिन्यांनी! त्याची मूठ सैल, लेकराची मान धरावी तशी. दोरी जबड्याच्या त्याच कोपऱ्याला लागली. मडके माझ्या समोर असे उभे होते, जणू मीच त्याला शिवू शकलो असतो. हात जराही हलत नव्हता. मित्रांनो, मला मडके फोडायचे होते. माझी चूक नाही, याची चूक नाही, असे ओरडायचे होते.

जानरावची नजर एकदा दाराकडे गेली. पिठाच्या हातांकडे.

मग त्याने एकेक करून सगळे मोडले. मूठ आवळली. सारा दम छातीत कोंडला. खांदा कानाशी नेला. दोरी सोडायच्या ऐवजी हिसकली आणि तीर सुटण्याआधीच हात खाली पाडला. तीर ढिगाच्या पलीकडे मातीत घुसला.

"अजून एक," रामराव म्हणाला.

दुसरा तीर भिंतीला लागून गोजरबाईच्या बाजूला उडाला. "आवं माय!" ती ओरडली. "याचा हात तं पिंपळाच्या पानावानी हालते!"

रामराव स्वतः लंगडत गेला. मातीतला तीर उपटून आणला आणि भावाच्या हातात दिला. 

"दादा, मी तुह्याबद्दल लय वंगाळ समजलो व्हतो."

"काय समजला व्हता?"

"जाऊ दे."

"जाऊ दे मंग," जानराव म्हणाला. "भूक लागली बे. चाल."

त्या दुपारी दोघे एका ताटात जेवले. तानाबाई रडत रडत भाकरी वाढत होती आणि देवाचे आभार मानत होती.

पुढे राखणीला जानरावला कोणी बोलावले नाही. तो लोकांच्या शेतात निंदणाला जाऊ लागला. पोरे त्याला "हातहाल्या" म्हणून चिडवायची आणि तो हसून हात आणखी हलवून दाखवायचा. फक्त घर रिकामे असले, की भर दुपारी तो मला खाली घ्यायचा. तीर न लावता ओढायचा आणि उभा राहायचा. मनगटावर मैना येऊन बसली असती, इतका स्थिर. त्याच्या गालाची ऊब दोरीला लागायची. मग हळूच मला परत ठेवायचा. तो गेल्यालाही किती वर्षे झाली. दोरीत किंकाळी आहे आणि तिच्याखाली ती ऊबही आहे. दोन्ही एकदम गुणगुणतात.

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाच्या वस्तूला मायेनेसुद्धा हात लावायचा असेल, तर आधी त्याला विचारा. आणि वस्तू ज्याची आहे, त्याने ती रोज एकदा डोळ्याने पाहावी. अंगठ्यावर फार विसंबू नये. इतके केलेत तरी मला पुष्कळ.

आणखी एक. एखाद्या माणसाला तुम्ही "हातहाल्या" म्हणून हाक मारणार असाल, तर घटकाभर थांबा. तो हात कोणासाठी हालला, हे तुम्हाला ठाऊक नसते.