तात्यांची जाड तार

फ्यूज उडाला की इमारतीत हाक एकच, "तात्या!" आणि तात्याही पक्कड घेऊन हजर. घरातल्या जुन्या बोर्डावरचा चिनी मातीचा फ्यूज खेचून काढायचा, जळालेल्या बारीक तारेच्या जागी तांब्याची चांगली जाड तार पिळून बसवायची आणि छाती फुगवून म्हणायचं, "आता जन्मात उडणार नाही!" लोकही खूश. फुकटातला कारागीर कोणाला नको असतो?

वरच्या मजल्यावर तात्यांच्या वहिनी शिवणकाम करत. भाऊ गेल्यापासून घर वहिनींच्या दोन हातांवरच चाललं होतं. मशीन, इस्त्री आणि हीटर एकदम लावले की त्यांचा फ्यूज जायचा. तात्यांनी तिथेही तीच तार घातली.

आणि खरंच, फ्यूज काही उडाला नाही. भिंतीतली जुनी वायर मात्र तापत गेली आणि एका दुपारी पेटली. शेजारी टांगलेल्या कपड्यांनी पेट घेतला. गिऱ्हाइकांचे कपडे वाचवायला वहिनींनी आगीत हात घातले!

इस्पितळात तात्या मान खाली घालून बसले. "वायरिंगच जुनं होतं हो, वहिनी," ते पुटपुटले.

"होतंच, भावोजी. म्हणून तर फ्यूज सारखा उडत होता. भार झेपत नाही, हे तो बिचारा सांगत होता. आपण वायरिंग बदललं नाही, इस्त्री आवरली नाही. सांगणाऱ्याचं तोंड तेवढं बंद केलं. तुम्ही एकट्यानेच नाही. मीही तुमचं कौतुकच केलं होतं की!"

हे ऐकून तात्यांना रडू कोसळलं. वहिनी चिडल्या असत्या, तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते दारोदार फिरले. "माझी तार काढायला आलोय."

"अहो तात्या, पुन्हा रोज अंधारात बसवता का आम्हाला?" शेजारी कुरकुरला.

"उडू दे फ्यूज!" तात्या ओरडलेच. "उडाला की आधी इस्त्री बंद कर आणि वायरमनला बोलाव. मला बोलावू नकोस!"

वहिनींच्या जखमा भरल्या, पण बोटं आखडली ती आखडलीच. सुई चिमटीत राहत नाही. तात्या रोज वर जाऊन दोरा ओवून देतात आणि वहिनी जमेल तेवढं शिवतात. तात्यांना कोणी बोल लावत नाही, आणि तेच त्यांना सोसत नाही.

वाचकहो, आपल्या घरातला जुना बोर्ड जाणकाराकडून तपासून घ्या. घटकाभराच्या अंधाराला कंटाळून आपण सावध करणाऱ्यालाच गप्प करतो. मग हळहळायला उभा जन्म मिळतो, पण वहिनींची बोटं काही परत मिळत नाहीत!