जाड पानांची फांदी

दादाला घरात सगळे छाटणीमास्तर म्हणत. दिसलं वाकडं की चालव कात्री, हा त्याचा खाक्या. भावाबहिणीच्या त्या रोपवाटिकेत छाटणी त्याची आणि संकर धाकटीचा.

धाकटीचं लाडकं रोप म्हणजे पिवळ्या आणि लाल जातीच्या संकरातून झालेलं नारिंगी फुलांचं. फुलायचं झकास, पण बी धरायचं नाही.

"नुसता मिरवणारा जावई आहे हा," दादा म्हणायचा.

त्या सकाळी मात्र रोपाच्या एका जाड पानांच्या फांदीवर टपोरी बोंडं दिसली. धाकटीने चार कळ्या खुडल्या आणि थेट वहिनीचं कॉलेज गाठलं. वहिनी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायची.

दुपारी वहिनीने सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर केलं. "अगं, गुणसूत्रं दुप्पट झालीत. आधी यात दोन जातींची एकेक गुणसूत्रं होती, जोडी कुणाचीच नाही. सगळ्या एकेकट्या चपला. आता पेशी विभागताना काहीतरी चुकलं आणि प्रत्येकीला जोडीची मिळाली. म्हणून बी धरलं."

"म्हणजे आता?"

"आता पिवळ्याशीही जमणार नाही, लालशीही नाही. पण आपसात वंश वाढेल. नवी जात आहे बाई ही."

धाकटी रस्ताभर एकटीच हसत आली. दारातच दादा भेटला.

"ती रोगट फांदी काढून टाकली गं. बोंडं चुलीत घातली."

"जगात तेवढीच एक होती रे," म्हणत धाकटी रडायलाच लागली. कारण कळल्यावर दादाचा चेहरा पडला.

मग तो डोकं खाजवत म्हणाला, "बोंडं जाळली. पण जिवंत काडी मी कधी फेकलीय का?"

शेडमागे त्याची वाळूची पेटी होती. छाटलेली प्रत्येक काडी तिथे खोचायची, या सवयीवरून धाकटीनेच त्याला किती बोल लावले होते. काड्यांच्या त्या गर्दीत जाड पानांची एक ताठ उभी होती. धाकटीने दादाला घट्ट मिठी मारली, मग पेटीभोवती दोघेही लहान मुलांसारखे नाचले.

काडीने मूळ धरलं, फुलं आली, बी आलं, बी रुजलं. इवली रोपं सगळी जाड पानांची, आणि एकजात वाकडी. दादा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातली कात्री काढून धाकटीच्या हातात दिली.

"ही तुझ्याकडेच ठेव," तो म्हणाला. "माझे हात शिवशिवतायत."