सोमवारच्या प्लेटा

ऑपरेशन थिएटरची हवा चांगली आहे की नाही, हे बघायचं काम लताबाईंचं होतं. धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्या लॅब टेक्निशियन होत्या. रोज रक्त-लघवी तपासायची, आणि आठवड्यातून एकदा थिएटर धुऊन, फॉर्मालिनची धुरी देऊन झालं की काचेच्या झाकणाच्या छोट्या प्लेटा घेऊन आत जायचं. प्लेटांत जंतू वाढवायच्या अगरचा थर असायचा, खरवसासारखा घट्ट. एक प्लेट टेबलावर, एक दाराशी, एक औजारांच्या ट्रॉलीजवळ. झाकणं काढून ठेवायची, दार ओढून बाहेर बसायचं, तासाभराने पुन्हा झाकायची. हवेत तरंगणारं जे काही असेल ते त्या थरावर बसतं, पण लगेच दिसत नाही. उबेच्या पेटीत ठेवलं की वाढतं, त्याचे ठिपके होतात, आणि मग कुठल्या कोपऱ्यात काय आहे ते कळतं. त्याला दीड-दोन दिवस जातात.

अठ्ठ्याऐंशी सालचा मार्च होता. होळीच्या आधीच ऊन तापायला लागलं होतं आणि हॉस्पिटलने मोतीबिंदूचं मोफत शिबिर ठेवलं होतं. सोनगीर, नगाव, कापडणे, सगळीकडून म्हातारी माणसं येणार होती. सोनगीरहून लताबाईंची आई भिकुबाईही आली. तिचा उजवा डोळा ऐन उमेदीत कापूस वेचताना पऱ्हाटीचं टोक लागून गेला होता. आता डाव्यात मोतीबिंदू झाला होता. चुलीतला जाळ तेवढा तिला कळायचा.

शिबिराच्या आदल्या दिवशी, शनिवारी, एका ट्रस्टींनी आपल्या जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसातला एअर कंडिशनर थिएटरला भेट दिला. उद्घाटनाला पाहुणे येणार होते, आत उकडून चालणार नव्हतं. दुपारी खिडकी फोडून तो बसवला. संध्याकाळी घाईघाईने धुरी झाली. रात्री थिएटर उघडल्यावर लताबाईंनी मशीन चालू करून प्लेटा ठेवल्या. एक जास्तीची प्लेट त्यांनी मशीनच्या बरोबर खाली ठेवली.

बाहेर आल्यावर त्या डॉक्टर लीलाधर महाजनांकडे गेल्या. हे तरुण डॉक्टर शिबिराची सगळी ऑपरेशनं करणार होते.

"डॉक्टरसाहेब, खिडकी फोडली, मशीन नवीन बसलंय. प्लेटांचा निकाल सोमवारी येईल. तोवर थांबता येणार नाही का?"

डॉक्टर दमले होते. त्यांनी बाहेरच्या अंगणाकडे बोट केलं. तिथे मंडपाखाली माणसं गोधड्या टाकून झोपली होती.

"यांना काय सांगू? परत जा म्हणू? भाड्याच्या ट्रॅक्टरने आलेत. तुमच्या प्लेटा आजवर कधी वाईट निघाल्यात का, लताबाई?"

तसं कधी झालं नव्हतं.

मंडपात जाऊन लताबाई आईशेजारी बसल्या. तिला थांबवावं असं एकदा मनात आलं. एकच डोळा होता.

"माय, तू पुढना शिबिरमा कर. आते घाई कसाले?"

"इतला लोके करी ऱ्हायनात ना?" भिकुबाई म्हणाली. "माले भ्याव नही वाटत. तू शे ना तठे."

लताबाईंनी तिच्या अंगावर गोधडी ओढली. आपल्याच आईला मागे ओढलं तर बाकीच्यांना काय वाटेल, असा विचार त्यांच्या मनात आला. खरं तर धोका आहे असं त्यांनाही वाटत नव्हतं. थोडी रुखरुख होती, एवढंच.

रविवारी दिवसभर ऑपरेशनं झाली. भिकुबाईला बाहेर आणलं तेव्हा डोळ्यावर जाड पट्टी होती, आणि झोपेत हात जाऊ नये म्हणून सिस्टरने दोन्ही मनगटं खाटेच्या दांडीला फडक्याने बांधली होती. ती हसत होती. आत गार गार होतं म्हणाली.

सोमवारी सकाळी लताबाईंनी पेटी उघडली. दाराशी ठेवलेल्या प्लेटवर तुरळक ठिपके होते, नेहमीसारखे. टेबलावरच्या प्लेटवर बरेच होते. मशीनखालच्या प्लेटवर ठिपके असे नव्हतेच. सगळा थर हिरवट झाला होता, ओलसर, चकाकणारा. झाकण उचलताच एक गोडसर वास आला. हा वास त्यांना माहीत होता. चिघळलेल्या जखमांच्या पुवातून तो जंतू त्यांनी कितीदा तरी वाढवून बघितला होता. डोळ्यात शिरला तर तो डोळा ठेवत नाही, हेही माहीत होतं.

प्लेटा हातात घेऊनच त्या वॉर्डाकडे पळाल्या. तिथे डॉक्टर पट्ट्या सोडत होते. तिसऱ्या खाटेशी ते थांबले होते आणि सिस्टर कापूस बदलत होती. कापूस हिरवा होत होता. डॉक्टरांनी लताबाईंच्या हातातल्या प्लेटा बघितल्या, कुठली प्लेट कुठे होती ते विचारलं, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

भिकुबाईची पट्टी सुटली तेव्हा लताबाई तिथेच उभ्या होत्या.

"उजेड पडना का, माय?" त्यांनी विचारलं.

"नही वं. डोकं ठणकस," भिकुबाई म्हणाली. "उद्या पडी."

उजेड पडला नाही. डॉक्टरांनी जेवढी इंजेक्शनं मिळाली तेवढी डोळ्यांत, दंडांत दिली. काहींना मुंबईला पाठवलं. दोन-चार डोळे वाचले, तेही अंधुक. बाकीचे गेले. भिकुबाईचा डोळा काढावा लागला, नाहीतर पू मेंदूकडे गेला असता.

त्या धावपळीतच लताबाई एकदा थिएटरात गेल्या. एअर कंडिशनरची जाळी काढून आतल्या पाणी साठायच्या तबकात त्यांनी कापसाची काडी फिरवली. काडीला बुळबुळीत काळपट गाळ आला. तो अगरवर लावला. दुसऱ्या दिवशी तीच हिरवट साय, तोच वास. रुग्णांच्या पुवातही तेच वाढलं होतं. आता शंकेला जागा उरली नव्हती. फॅक्टरीच्या ऑफिसात वर्षानुवर्षं साचलेलं पाणी मशीनने टेबलावर झोपलेल्या माणसांच्या उघड्या डोळ्यांवर फवारलं होतं.

डॉक्टर महाजनांनी हे ट्रस्टींना सांगितलं. त्याच दिवशी मशीन उतरलं, खिडकी विटांनी बुजली, भिंतींना रंग लागला. चौकशीला माणसं आली तोवर थिएटरला दोनदा धुरी देऊन झाली होती. त्यांच्यासमोर लताबाईंनी पुन्हा प्लेटा ठेवल्या. सगळ्या स्वच्छ निघाल्या. जुन्या प्लेटा मागितल्यावर कळलं, की लॅब साफ करताना कुणीतरी त्या वाफेच्या भांड्यात टाकून धुऊनही ठेवल्या होत्या. डॉक्टर महाजनांनी चौकशीत मान खाली घालून "नक्की सांगता येत नाही" एवढंच म्हटलं. पुढच्या महिन्यात ते गाव सोडून गेले. रुग्णांनी पट्टीला मळके हात लावले, पथ्य पाळलं नाही, असं चौकशीत ठरलं.

ते वॉर्डात जाहीर झालं त्या दुपारी लताबाईंना राहवलं नाही. खाटांच्या मधोमध उभं राहून त्यांनी सांगितलं, "तुमचं काही चुकलं नाही. हवेतच घाण होती. मी तपासलं आहे. मशीनमधून आली."

कापडण्याच्या सुकदेव नानांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. त्यांचे दोन्ही डोळे बांधलेले होते.

"तुले कधय कळनं?"

"सोमवारी, नाना."

"आन् वहीम?"

"शनिवारी आला होता."

"मंग आमले का बरं नही सांगं, बाई? आम्ही तठेच मंडपमा व्हतूत."

नाना रागावले नव्हते. खरंच विचारत होते. कुणीतरी कूस बदलली, खाट करकरली.

तेवढ्यात कोपऱ्यातून भिकुबाईचा आवाज आला.

"नाना, मनी पोरले नका बोलू. बाकीना माले माहीत नही. मना डोयाले मीच पदर लाया व्हता. रातले खाजनं, मी पुसं."

लताबाईंनी आईकडे बघितलं. त्या रात्री तिचे हात दांडीला बांधलेले होते. सकाळी त्या गाठी लताबाईंनीच सोडल्या होत्या.

नंतर एकदा त्यांनी आईला तसं सांगूनही बघितलं. "माय, तुना हात बांधेल व्हतात. तू कशी पुसशी?"

"पुसं म्हंजे पुसं," भिकुबाई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढे सोनगीरहून जो कुणी भेटायला येई त्याला ती हेच सांगायची. सांगून सांगून तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं. पदराला कसली माती होती तेही ती सांगू लागली.

लताबाईंनी आईला आपल्या खोलीवर आणलं. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच राहत होत्या. नोकरी सोडली तर दोघींनी खायचं काय, म्हणून सोडली नाही. आधी त्या दाराला नुसती कडी लावून जायच्या. एकदा भिकुबाई रस्त्यावर जाऊन नाल्यात पडली, तेव्हापासून बाहेरून कुलूप लावू लागल्या. भाकरी ताटात झाकून ठेवायच्या, माठ हाताशी ठेवायच्या आणि निघायच्या. शेजारच्या बेबाबाई अधूनमधून खिडकीतून हाक मारत. पुढे त्यांचीही हाक मारायची सवय सुटली.

मे महिन्यात एका संध्याकाळी त्या घरी आल्या. कुलूप काढलं तर पाय ओल्यात पडला. माठ आडवा झाला होता, फुटला होता, आणि भिकुबाई खापरांच्या मधे अंग चोरून बसली होती. पाय कापेल म्हणून दुपारपासून ती जागची हलली नव्हती. ओठ सुकले होते. छताचा पत्रा अजून तापलेला होता.

"पानी पिवाले गई नं मना हात लागना," ती म्हणाली. "बेबाबाईले हाक मारी. कोनी नही उनं."

लताबाईंनी शेजारून तांब्याभर पाणी आणून तिला पाजलं. भिकुबाई ते घटाघटा प्याली. मग तिने चाचपडत लेकीचं मनगट धरलं.

"माले सोनगीरले पोहचाड, लता. तुले तरास व्हस."

"तठे कोन शे, माय?"

तिथे कोणी नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. भिकुबाईने मनगट सोडलं.

लताबाईंनी पदर खोचला, खाली बसून खापरं वेचायला सुरुवात केली, आणि आईला म्हणाल्या, "पाय उचल." तिने उचलले. लताबाईंनी त्याखालची फरशी पुसली.